जुन्या पीसीसाठी लॅमिंग्टन रोडवरची वापरलेली रॅम: अकराशे रुपयांचा हिशेब

८ जीबीची वापरलेली डीडीआर३ (जुन्या पिढीची) रॅम अकराशे रुपयांना घेतली, आधीच्या ४ जीबीशेजारी बसवली आणि डीटीपीचं मशीन पुन्हा कामाला लागलं. पाचपैकी चार तारे. घाई असेल त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. पण जुन्या पीसीला रॅम घ्यायला निघाला असाल, तर निदान स्टिकवरचं, म्हणजे रॅमच्या पट्टीवरचं, लेबल कसं वाचायचं तेवढं वाचून जा. पैसे बुडतात ते तिथेच.

आधी मशीनबद्दल. मी गिरगावात डीटीपी करते. कांदेवाडीतल्या दुकानांसाठी लग्नपत्रिका, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, पावतीपुस्तकं, मधूनच एखाद्या पतपेढीचा वार्षिक अहवाल. पीसी २०१३ मध्ये असेंबल करून घेतलेला. आय३-३२२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबीची एकच स्टिक, ५०० जीबीची हार्ड डिस्क, त्यावर ६४-बिट विंडोज १०. घरातले सगळे म्हणतात नवीन घे. पण फाँटच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही), पानं मांडायच्या पेजमेकरच्या वर्षानुवर्षांच्या फायली आणि जुना लेझर प्रिंटर हे तिघं याच मशीनवर गुण्यागोविंदाने नांदतात. नव्या मशीनवर नेलं तर यातलं कोण आधी रुसून बसेल याचा भरवसा नाही, आणि लग्नसराईत मला कुणाचे रुसवे काढायला वेळ नसतो.

पेजमेकर बिचारा काही खात नाही. ७.० हे त्याचं शेवटचं मोठं व्हर्जन २००१ चं. तो ३२-बिट प्रोग्राम, त्याला एकट्याला मेमरी वापरून वापरून किती वापरणार? खाणारे दुसरेच. क्रोम, त्यात व्हॉट्सॲप वेब, कारण मंडळाचे कार्यकर्ते फोटो तिथेच ओततात, आणि 'ताई, क्वालिटी कमी नको हां' म्हणून वर डॉक्युमेंट करून पाठवतात. त्यावर कोरलड्रॉमध्ये दहा बाय सहाचा फ्लेक्स उघडला, की टास्क मॅनेजरमध्ये मेमरी नव्वदीच्या वर आणि डिस्क थेट १०० टक्के. हे दोन आकडे एकत्र दिसणं हीच खूण. रॅम संपली की विंडोज उरलेला पसारा हार्ड डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये टाकतं आणि लागेल तसा परत उचलतं. फिरणाऱ्या हार्ड डिस्कला इकडचं तिकडचं असं विखुरलेलं वाचायला सांगितलं, तर सेकंदाला शंभरेक उचलाउचली जमतात, त्यापुढे नाही. मग माउसचा बाण अडकतो, फाँटची यादी उघडायला मिनिट लागतं, आणि माणूस म्हणतो कॉम्प्युटर म्हातारा झाला.

तुमच्याकडेही असंच होत असेल तर बाजार गाठण्याआधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. नेहमीचं सगळं काम उघडं ठेवून बघा. सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर रॅम घेऊन काही फरक पडणार नाही, ते पैसे एसएसडीकडे, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्ककडे वळवा. तिथेच किती स्लॉट भरलेत तेही दिसतं. आणि विंडोज ३२-बिट असेल तर आधी ते बदलावं लागेल. त्याला ४ जीबीच्या पलीकडचं दिसत नाही, प्रत्यक्षात तर सव्वातीन-साडेतीनच हाती लागते.

माझ्या बोर्डाला स्लॉट दोनच, एकेका स्लॉटमध्ये ८ पर्यंत, म्हणजे एकूण १६ जीबी. रॅम डीडीआर३च लागते. डीडीआर४ २०१४ मध्ये आली, तिला २८८ पिना, आपल्या डीडीआर३ला २४०, खाचही वेगळ्या जागी, त्यामुळे चुकीची बसूच शकत नाही. लॅपटॉपची छोटी डीडीआर३ २०४ पिनांची, तीही नाही.

ऑनलाइन बघितलं. नव्या डीडीआर३च्या नावाखाली जे दिसतं त्यात कधी न ऐकलेल्या कंपन्याच फार. लाल-निळं पत्र्याचं कव्हर, त्यावर ड्रॅगन नाही तर वाघ. दीड व्होल्टवर चालणाऱ्या साध्या ऑफिसच्या रॅमला त्या पत्र्याची गरज नसते. त्याचा एकच उपयोग, आत कुठल्या चिप आहेत ते झाकायचं. ओळखीच्या कंपनीची नवी ८ जीबी जिथे होती तिथे भाव माझ्या बजेटच्या बाहेर. मी ठरवलं होतं दीड हजाराच्या वर जायचं नाही. मशीनचीच बाजारात किंमत काय उरली आहे!

म्हणून लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून उपयोग नाही. लोकलने येणाऱ्यांनी ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. मी प्रार्थना समाजावरून ऑपेरा हाउसला चालतच जाते. रविवारी बाजार बंद, आणि इतर दिवशीही अकराच्या आधी गेलात तर अर्धी शटरं खालीच. फूटपाथवर रिमोट, केबल, सेलो टेपने बांधलेले अॅडॉप्टर, आणि दर चार पावलांवर 'मॅडम, क्या चाहिये, सीसीटीव्ही? प्रिंटर? लॅपटॉप?' बाईमाणूस दिसलं की यांना वाटतं मुलाच्या प्रोजेक्टसाठी काहीतरी घ्यायला आली असणार. सरळ पुढे चालत राहायचं.

रस्त्यावरच्या एका चकचकीत दुकानात आधी शिरले. त्याने मागचापुढचा विचार न करता पाकीटबंद ८ जीबी काढली. नवीन, लाइफटाइम वॉरंटी, साडेआठशे. वापरलेल्या मालापेक्षा नवीन स्वस्त? मी विचारलं, इंटेलवर चालेल ना? 'सब में चलेगा मॅडम.' स्टिकरवर फक्त '८ जीबी १६००' आणि एक चकाकणारा होलोग्राम. एच६१वर लावून दाखवा म्हटलं, तर म्हणे टेस्टिंग घरी करा, नाही चाललं तर एक्स्चेंज, पैसे परत नाहीत. मी पाकीट काउंटरवर ठेवून निघाले.

इथे थोडं तांत्रिक सांगते, कारण याच प्रकारच्या रॅमने माझ्या ओळखीच्या एका झेरॉक्सवाल्याचं दुकान दोन दिवस बंद पाडलं होतं. कॉम्प्युटरचा मेमरीचा रस्ता ६४ बिटांचा. साध्या रॅममध्ये प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देते, म्हणजे आठ चिप मिळून एक रस्ता भरतो, त्याला एक रँक म्हणतात. ८ जीबीच्या चांगल्या डीडीआर३ स्टिकवर अशा दोन रँक, दोन्ही बाजूंना आठ-आठ मिळून सोळा चिप. लेबलवर त्याचं लिखाण असतं '२आरएक्स८'. स्वस्तातल्या त्या मालात ४-४ बिटांच्या चिप असतात, सोळा मिळून एकच रँक. एएमडीचे त्या काळचे बोर्ड ही चालवून घेतात, इंटेलच्या साध्या डेस्कटॉपवर ती चालत नाही. एक तर डिस्प्ले येत नाही, नाही तर बीप वाजत बसतो. आणि लबाडी अशी की चिप मोजल्या तरी सोळाच भरतात, डोळ्यांनी फरक कळत नाही. प्रामाणिक विक्रेता तिच्यावर 'फक्त एएमडीसाठी' असं लिहितो. बाकीचे 'सब में चलेगा' म्हणतात.

दुसरा सापळा सर्व्हरच्या रॅमचा. मोठ्या कंपन्यांची मशीनं भंगारात निघाली की ही ढिगाने येते, सॅमसंग-हायनिक्सचा अस्सल माल, भाव मातीमोल. स्लॉटमध्ये बसतेही. चालत नाही. ती मात्र ओळखता येते. एका रँकला आठच्या जागी नऊ चिप, म्हणजे नवाच्या पटीत, आणि लेबलवर १२८०० सारख्या वेगाच्या आकड्यानंतर 'आर'. आपल्याला हवा 'यू'. लॅपटॉपच्या स्टिकवर 'एस'. सॅमसंगची असेल तर पार्ट नंबर एम३७८ ने सुरू व्हायला हवा. एम४७१ लॅपटॉपची, एम३९३ सर्व्हरची.

मी घेतली ती बाजूच्या गल्लीत, जिना चढून वरच्या गाळ्यात. पाटीसुद्धा धड नाही. एका वेळी दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने जिन्यात थांबायचं. आत एक मराठी गृहस्थ, साठीच्या आसपासचे, चष्मा कपाळावर. मी रॅम हवी म्हटल्यावर भाव सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, "बोर्ड कुठला, ताई?"

एच६१, तिसऱ्या पिढीचा आय३.

"आत्ता काय आहे?"

४ ची एक, १३३३ वेगाची. मी मोबाइलमध्ये काढलेला लेबलचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला, आणि खणातून स्टिकांचा ट्रे काढला. सगळ्या ऑफिसच्या मशीनमधून काढलेल्या, एचपी-डेलच्या पीसीत येतात तशा. नुसती हिरवी पट्टी, वर पत्रा नाही. माझ्या वाट्याला आली ती हायनिक्सची: ८ जीबी २आरएक्स८ पीसी३-१२८००यू. पार्ट नंबर एचएमटी४१जीयू६ वाला. १२८०० म्हणजे सेकंदाला तेवढे एमबी, म्हणजेच १६०० ची स्टिक. १३३३ वर १०६०० लिहिलेलं असतं. काही लेबलांवर पीसी३च्या पुढे 'एल' दिसतो, ती १.३५ व्होल्टची. ती आपल्या दीड व्होल्टच्या बोर्डावरही चालते, घाबरायचं कारण नाही. उलटं, म्हणजे १.३५ च्या बोर्डात दीड व्होल्टची, मात्र करू नका.

टेबलावर उघडाच एक बोर्ड मांडलेला, कॅबिनेट नाही, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बाजूला लोंबकळतोय. माझी स्टिक त्यात लावली, विंडोज चालू केलं, सीपीयू-झेड हा माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडून एसपीडीचा टॅब दाखवला, म्हणजे स्टिकमध्येच साठवलेली तिची माहिती. साइज, पार्ट नंबर, कंपनी, सगळं लेबलशी जुळतंय का ते मला वाचायला लावलं. लेबल बदलता येतं, आतल्या चिपमध्ये लिहिलेलं बदलायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. भाव तेराशे सांगितला. मी हजार म्हटलं. अकराशेवर तुटला. हे सगळं होईपर्यंत जिन्यात तिसरा माणूस दोनदा खोकला.

त्यांनी आणखी एक हिशेब मांडला. दोन ८ घ्या, जुनी ४ मला द्या, अडीचशे वळते करतो, १६ जीबी पडेल साडेएकोणीसशेला. मोह झाला. पण माझं काम अगदी वाईट वेळी सात-आठ जीबीच्या आत बसतं, हे घरी बघून ठेवलं होतं. १२ पुरे. फोटोशॉपमध्ये मोठ्या फायली घेऊन बसणाऱ्यांनी किंवा व्हिडिओ कापणाऱ्यांनी १६ करावी.

४ आणि ८ असं विजोड चालतं का, हा प्रश्न मला नंतर बऱ्याच जणांनी विचारला. चालतं. इंटेलचे हे प्रोसेसर दोन्हीकडचे चार-चार जीबी जोडीने, ड्युअल चॅनलमध्ये वापरतात आणि उरलेले चार एकेरी. वेग मात्र दोघींना त्यातल्या मंद स्टिकचा मिळतो. माझी जुनी स्टिक १३३३ ची, म्हणून नवीही १३३३ वरच पळते. पत्रिकेवरचा गणपती त्याने हळू उमटत नाही. एकच स्टिक होती तेव्हाच्या मानाने जोडी झाल्याचा फायदा मोठा, विशेषतः वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर, कारण ऑनबोर्ड ग्राफिक्स याच रॅममधून आपला वाटा काढतं.

बसवणं पाच मिनिटांचं काम. मेन स्विच बंद, वायर काढली, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज घालवली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला. खाच जुळवून दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबायचं, क्लिप आपोआप मिटतात. चालू केलं तर लांब बीप, पडदा काळा. हे अपेक्षितच होतं. मुंबईच्या दमट हवेत बारा-तेरा वर्षं एका जागी बसलेली जुनी स्टिक हलली की पिनांचा संपर्क सुटतो. दोन्ही स्टिका काढल्या, पांढऱ्या खोडरबराने सोनेरी पिना पुसल्या, चुरा नीट झटकला, स्लॉटमधली धूळ मऊ ब्रशने काढली. दुसऱ्या वेळी एका झटक्यात चालू, बायोसमध्ये १२२८८ एमबी. या गल्लीबोळातल्या उपायावर हसणारे असतील, त्यांनी दुरुस्तीवाल्याला तीनशे रुपये देऊन तेच खोडरबर बघावं.

रात्री पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेवला. फुकट आहे. सकाळपर्यंत एकही एरर नाही. वापरलेली रॅम घेतली तर हे करायलाच हवं, आणि दुकानदाराने तपासून बघायला दिलेली मुदत संपायच्या आत. बिघडलेली रॅम लगेच मरत नाही. महिन्यातून एकदा निळा पडदा दाखवते, एखादी फाइल सेव्ह होताना खराब करते, आणि तुम्ही विंडोजला शिव्या घालत बसता.

आता फरक. कोरल, पेजमेकर, क्रोमचे डझनभर टॅब आणि व्हॉट्सॲप एकत्र उघडे असताना मेमरी पन्नास-पंचावन्न टक्के, डिस्क शांत. एका खिडकीतून दुसरीत जाताना जो दम लागायचा तो गेला. मंडळाचा ऐंशी पानांचा अहवाल, जाहिरातींच्या फोटोंसकट, पीडीएफ करताना मी आधी चहा टाकायला उठायचे. आता खुर्चीतच बसून राहावं लागतं. जे बदललं नाही तेही सांगते. मशीन सुरू व्हायला पूर्वीइतकाच वेळ. कोरल पहिल्यांदा उघडायला पूर्वीइतकाच वेळ. ते काम हार्ड डिस्कचं, रॅम तिथे काही करू शकत नाही. प्रोसेसरही तोच दोन कोरचा, त्यामुळे फ्लेक्सवरच्या सावल्या आणि पारदर्शक इफेक्ट अजून रेंगाळतात.

इतक्या जुन्या मशीनवर पैसे घालावेत का? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे घ्यायचं तर इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. माझा तिसऱ्या पिढीचा. म्हणून बँकेचं काही त्या पीसीवर करत नाही, आणि फायलींची कॉपी बाहेरच्या डिस्कवर असते. दुसरीकडे नव्या मशीनचा विचार करायला हीच वेळ वाईट. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले, कारण चिप बनवणाऱ्यांचा ओढा एआयच्या डेटा सेंटरकडे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा आपला किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. वापरलेल्या डीडीआर३ला त्याची झळ कमी, पण दुकानदार भाव सांगताना तेवढं कारण तोंडी लावायला घेतातच. जिन्यावरच्या काकांनीही घेतलं. अकराशे रुपयांत मशीन आणखी दोन सीझन काढणार असेल तर मला चालतं. तीन हजार सांगितले असते तर मी परत फिरले असते.

एक तारा कापला तो बिलासाठी. छापील बिल नाही, वहीच्या कागदावर तारीख, सिरीयल नंबरचे शेवटचे आकडे आणि 'टेस्टिंग १ महिना', बस्स. स्टिकवर मार्करने महिना-वर्ष. वापरलेल्या मालाला एवढंच मिळतं हे मान्य, पण जीएसटीचं बिल लागणाऱ्या ऑफिसांना इथे काही उपयोग नाही, त्यांनी रस्त्यावरच्या मोठ्या दुकानांतच जावं. आणि गुडघे दुखत असतील तर तो जिना चढताना विचार करा, कठडा एकाच बाजूला आहे.

पुढचा खर्च एसएसडीचा, २५६ जीबीची साधी साटा, म्हणजे हार्ड डिस्कच्याच वायरीवर लागणारी. काकांनी आधीच सांगून ठेवलंय की महागडी घेऊ नका, एच६१वर साटाचे सगळे पोर्ट ३ जीबीपीएसचेच, कितीही वेगवान घेतली तरी निम्म्यावर अडकणार. गणपतीचे अहवाल छापून गेले की बघते.